झिजलेला खटका

बाइंडिंगच्या कारखान्यात त्याला सगळे सूतभर म्हणत. कागदाचा गठ्ठा कापण्याआधी तो मान वाकडी करून कडेवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "सूतभर बाहेर आहे." मग अख्खा गठ्ठा पुन्हा ठोकून सरळ करायचा. नवख्या माणसाला वाटे, एवढ्याने काय बिघडतं? काय बिघडतं ते वही बांधून झाल्यावर कळतं. एकतीस वर्षं त्याने कटिंग मशीन चालवलं आणि तेवढ्या काळात त्याच्या बोटाला साधं खरचटलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता. तो लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही.

ते मशीन कसं असतं ते आधी सांगायला हवं. जाड लोखंडी टेबल, त्यावर आडवं रुंद पातं. गठ्ठा आत सरकवायचा, दाबपट्टीने आवळायचा, मग दोन हातांनी दोन दांडे एकदम ओढायचे. दोन्ही हात दांड्यांवर, म्हणजे पात्याखाली हात असणारच नाही. पातं खाली येतं, कापतं, वर जातं. वर गेलं की एक पोलादी खटका त्याला अडवून धरतो. अंगठ्याएवढा तुकडा, पण सगळं पातं त्याच्या नाकावर थांबलेलं. खटका बसला की 'टक' असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय सूतभर हात पुढे करत नसे.

त्या दिवशी टक झालं. त्याने कापलेला गठ्ठा काढायला उजवा हात पुढे केला, आणि कोणी न ओढता पातं दुसऱ्यांदा खाली आलं.

अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्हींची दोन-दोन पेरं गेली.

दवाखान्यात चौथ्या दिवशी मॅनेजर फळांची पिशवी आणि एक कागद घेऊन आला. पिशवी त्याने बायकोकडे दिली, कागद सूतभरापुढे धरला. "अपघाताचा रिपोर्ट. डाव्या हाताने सही केली तरी चालेल."

सूतभराने कागद पूर्ण वाचला. तारीख बरोबर, वेळ बरोबर, बोटं बरोबर. शेवटी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.'

"हे काय लिहिलंय?"

"अहो, रकाना रिकामा ठेवता येत नाही. काहीतरी लिहावं लागतं."

"मग खरं लिहा. खटका झिजलाय. मी दोनदा नवा मागितला होता."

"ते बघू नंतर. आधी तब्येत सांभाळा."

सूतभराने सही केली नाही. सही नसतानाच रिपोर्ट पुढे गेला. तो शब्द त्यावर असेपर्यंत भरपाई मिळणार नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्याही बाइंडिंगवाल्याने त्याला दारात उभं केलं नसतं. पण त्याच्या छातीवर बसला होता तो नुसता शब्द. बोटं गेली ती गेली. शब्द मात्र खोटा होता.

घरी आल्यावर कळलं, काय काय करता येत नाही. सदऱ्याचं बटण. बाटलीचं झाकण. सगळ्यात जास्त लागलं ते हे, की गाठ मारता येईना. दोऱ्याने जुजा, म्हणजे पानांच्या घड्या, शिवण्यातही मुरलेला माणूस तो, एका श्वासात गाठ आवळायचा. आता बायको त्याच्या बुटाची नाडी बांधायची आणि तो भिंतीकडे बघायचा.

"भिंतीवर काय लिहिलंय?" ती विचारायची.

"काही नाही. घट्ट बांध, सुटते तुझी."

"सुटली तर परत बांधीन. कुठं पळून चाललेय मी?"

तो रोज दुपारी खुर्चीच्या पाठीला दोरा अडकवून बसू लागला. डावा हात आणि उजव्याची उरलेली तीन. पहिल्या आठवड्यात एकही गाठ धड बसली नाही. तरी रोज शंभर. कमी नाही.

वकील करायचं मेहुण्याच्या डोक्यातून निघालं. मेहुण्याला प्रत्येक गोष्टीतला मोठा माणूस माहीत असे. "भाऊजी, वाघ आहे वाघ. समोरचा त्याचं नाव ऐकूनच बसतो खाली."

वाघाचं ऑफिस सहाव्या मजल्यावर होतं. काचेचं टेबल, मागे ओळीने सोनेरी अक्षरांची पुस्तकं. सूतभराने बसल्या बसल्या बघितलं, पुस्तकांच्या पानांच्या कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या. एकही उघडलेलं नव्हतं. वकिलाने पाच मिनिटांत एक भलामोठा आकडा सांगितला. मेहुणा खुर्चीत पुढे सरकला. सूतभर उठला.

जिन्यात मेहुणा चिडला. "अहो, एवढा आकडा सांगितला त्यांनी."

"माझा हात खिशात होता. कोणता हात, हे तरी विचारलं का त्यांनी?"

दुसरा वकील भला माणूस वाटला. चहा दिला, चौकशी केली, आणि चार कोऱ्या कागदांवर सह्या मागितल्या. मजकूर नंतर भरून घेऊ, म्हणाला. सूतभर म्हणाला, "कोरे कागद मी जन्मभर बांधले साहेब. सही कधी केली नाही त्यांच्यावर."

तिसरी एक बाई होती. झेरॉक्सच्या दुकानाच्या मागे एक खोली, एक टेबल, तीन खुर्च्या. हे ठिकाण त्याला हाडाच्या दवाखान्यातल्या एका पेशंटने सांगितलं होतं. आत शिरल्यावर सूतभराची नजर गेली ती कपाटातल्या फायलींकडे. प्रत्येक फाइल फितीने बांधलेली, कडा एका रेषेत. एक तेवढी बाहेर आली होती. ती त्याने जाता जाता तळहाताने आत सारली.

वकीलबाईंनी ते पाहिलं. हात बघितला. मग पेन्सिल आणि कागद घेतला. "काका, ते मशीन कसं चालतं ते मला शिकवा. मला काहीच येत नाही असं समजा."

तो सांगत गेला, त्या काढत गेल्या.

"चुकलं," तो म्हणाला. "दाबपट्टी पात्याच्या पुढे येते."

त्यांनी खोडलं आणि पुन्हा काढलं.

"खटका इथे नाही, वर. आणि त्याचं नाक खाली झुकलेलं."

पुन्हा खोडलं. चार वेळा खोडलं. चारही वेळा तोंड वाकडं केलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. पाचव्या चित्राकडे बघून सूतभर म्हणाला, "हां."

घरी त्याने बायकोला सांगितलं, "वकील मिळाला."

"चांगला आहे?"

"खोडून पुन्हा करते."

बायकोने मान हलवली. तिला एवढं पुरलं. या माणसाच्या तोंडून याहून मोठं कौतुक तिने स्वतःबद्दलही ऐकलं नव्हतं.

वकीलबाईंनी फी किती, ती कधी द्यायची, हरलो तर काय, हे सगळं न विचारता कागदावर लिहून दिलं. मग स्वतः विचारायला बसल्या. "खटका दोनदा मागितला म्हणता. लेखी?"

"स्टोअरला चिठ्ठी द्यावी लागते. आमच्याकडे नियम आहे, जुना भाग दाखवा, नवा न्या. मी जुना काढून दाखवला. स्टोअरवाला म्हणाला, अजून तुटलेला नाही. चिठ्ठीवर तसा शेरा मारून परत दिली. दोन्ही वेळा."

"त्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"परत आलेली चिठ्ठी कोण जपून ठेवतं मॅडम? मागची बाजू कोरी असते, वापरून टाकतो."

ते खरंच होतं. बाइंडरच्या घरी कागदाची कोरी बाजू वाया जात नाही. त्याच्या घरी किराणा, फोन नंबर, दुधाचा हिशोब, सगळं जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिलं जाई. वापरून झालं की रद्दीत.

"ठीक आहे," वकीलबाई म्हणाल्या. "मग मशीनच आपला साक्षीदार. मी तपासणीसाठी अर्ज करते. सरकारी माणूस येऊन खटका बघेल."

त्यांनी त्याला बरंच समजावून सांगितलं. कोणाशी काय बोलायचं, कशावर सही करायची नाही, दवाखान्याचा कुठला कागद जपायचा. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती सांगावी लागेल असं कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांचा दाखला द्यायला सूतभर कारखान्यात गेला. दारातूनच त्याने मशीनचा आवाज ऐकला. पातं वर गेलं आणि 'टक' झालं, पण अर्धवट, दार नीट न लागता चौकटीला टेकावं तसं. मशीनवर खळवाली उभी होती. पुठ्ठ्याला खळ लावायचं काम करणारी, दोन मुलींची आई. माणूस कमी म्हणून तिला तिथे लावलं होतं. तिचा हात गठ्ठ्याकडे निघाला होता.

"बाई, हात मागे."

तिने हात मागे घेतला. "काय झालं दादा?"

"आज कटिंग बंद."

त्याने मशीन बंद केलं आणि खळवालीच्या मदतीने खटका काढला. उजेडात धरला. नाक घासून गोल झालं होतं, नदीतल्या गोट्यासारखं. मॅनेजर धावत आला. सूतभर म्हणाला, "तीन दिवसांत नवा करून आणतो. तोवर कोणी हात लावायचा नाही."

घरी त्याच्याकडे पोलादाचा तुकडा होता, कानस होती, तुकडा पकडायला शिकंजा होता. हात मात्र दीडच होते. कानस डाव्या मुठीत, आणि वरून उजव्या मनगटाचा दाब. पहिल्या दिवशी उतार तिरका गेला, तुकडा फेकून दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा घेतला. पट्टी बांधलेला हात ठणकायला लागला की दहा मिनिटं थांबायचा, मग पुन्हा. बायको दारात उभी राहून बघायची.

"ज्यांनी हात घेतला त्यांचंच मशीन दुरुस्त करताय. शहाणे आहात की कोण आहात?"

"मशीनवर ती बाई आहे."

ती आत गेली आणि शेकायला गरम पाणी घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी खटका झाला. सूतभराने तो बसवला आणि पन्नास वेळा पातं खाली-वर करून बघितलं. पन्नास वेळा खणखणीत टक. त्या दिवशी मॅनेजरने त्याच्यासाठी स्वतः चहा मागवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. सूतभराला वाटलं, माणूस सुधारला.

दोन आठवड्यांनी सरकारी तपासनीस आला. त्याने लिहिलं, 'यंत्र उत्तम स्थितीत. खटका व्यवस्थित.'

वकीलबाईंनी तो कागद टेबलावर ठेवला. "काका, हे कसं झालं?"

"बरोबर लिहिलंय त्याने. उत्तमच आहे. मी केलाय."

"काय केलंय?"

त्याने सांगितलं. वकीलबाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, परत लावला. "म्हणजे आपला एकुलता एक पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने दुरुस्त केलात."

"मग काय करायचं होतं? पुरावा राहावा म्हणून तिची बोटं जाऊ द्यायची?"

भिंतीपलीकडे झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. मग अगदी हळू म्हणाल्या, "नाही. तुम्ही केलंत तेच बरोबर. मला मात्र सांगायला हवं होतंत."

"चुकलं," सूतभर म्हणाला. हा शब्द तो स्वतःबद्दल फार वापरत नसे.

"जुन्या खटक्याचं काय केलंत?"

"घरी आहे. डब्यात."

"फेकला नाहीत?"

तो दुखावला. "काढलेला भाग कोणी फेकतं का? तारीख लिहून, लेबल बांधून ठेवायचा. काय झिजलं, कुठे झिजलं, पुढच्या वेळी कळायला हवं."

"उद्या घेऊन या," त्या म्हणाल्या. "पण आशा ठेवू नका. ते म्हणतील, कुठल्याही भंगारातला तुकडा उचलून आणलाय."

दुसऱ्या दिवशी बायकोही बरोबर आली. लेबल तिनेच लिहिलं होतं आणि तिनेच बांधलं होतं, कारण तेव्हा त्याच्या हाताला पेन धरवत नव्हतं. पत्र्याच्या डब्यातून तिने खटका काढून टेबलावर ठेवला. दोऱ्याला घडी घातलेला कागद लोंबत होता. त्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'कटिंग मशीन. वरचा खटका. नाक गोल झाले.' खाली तारीख.

"गाठ सैल आहे," सूतभर म्हणाला. "माझी नाही ती."

"बांधली कोणी ते तरी सांगा," बायको म्हणाली.

वकीलबाईंनी आधी खटका फिरवून पाहिला, मग फायलीतून स्वतःचं पाचवं चित्र काढून त्याच्याशी ताडून पाहिला. मग कागद वाचला. त्या बाईंची सवयच तशी, कागद हातात आला की दोन्ही बाजू बघायच्या. त्यांनी घडी उलगडली आणि कागद उलटा केला.

त्यांनी तो दिव्याखाली धरला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला.

"काय हो?" बायको घाबरली. "काही चुकलं का माझं लिहिताना?"

"वहिनी, हा कागद कुठून घेतलात?"

"स्वयंपाकघरातल्या कागद टोचायच्या तारेवरून. कोरी बाजू वर होती, वरचाच ओढला."

वकीलबाईंनी कागद सूतभरापुढे सरकवला. छापील मागणी-चिठ्ठी होती. त्याच्याच अक्षरात, दहा बोटांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'कटिंग मशीनचा वरचा खटका, नग एक. नाक झिजले आहे, पातं घसरू शकते.' खाली स्टोअरचा शिक्का, स्टोअरवाल्याची सही, अपघाताच्या चार महिने आधीची तारीख आणि तांबड्या शाईत शेरा: 'जुना चालू आहे. नाकारले.'

सूतभराने तो कागद दोनदा वाचला. मग बायकोकडे बघितलं.

"आता म्हणा, गाठ सैल आहे," ती म्हणाली.

साक्षीचा प्रश्न उरला होता. जुना खटका त्याच मशीनवरून निघाला हे सांगणारं कोणीतरी हवं होतं. वकीलबाई खळवालीला भेटायला गेल्या तेव्हा सूतभर बाहेर थांबला. तिची नोकरी अजून तिथेच होती. स्वतः तिला विचारणं त्याला बरं वाटेना. ती स्वतःच बाहेर आली.

"दादा, येते मी साक्षीला."

"कामावरून काढतील बाई. नीट विचार कर."

"केला. रात्री मुलींची वेणी घालताना माझी बोटं मोजली. दहा भरली. मग ठरवलं."

सुनावणीच्या दिवशी आत जाण्याआधीच कंपनीचा वकील व्हरांड्यात आला. बरोबर मॅनेजर होता, त्याची नजर फरशीवर. वकिलाने एक रक्कम सांगितली. वाघाने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही नव्हती, पण वाईटही नव्हती. अट एकच, रिपोर्ट आहे तसा राहील.

सूतभराने वकीलबाईंना बाजूला घेतलं. "तुमचं काय मत?"

"रक्कम योग्य आहे. आज घेतलीत तर आज घरी जाल. शब्दासाठी भांडलो तर वर्षही लागेल. चिठ्ठी आहे, साक्ष आहे, आपली बाजू मजबूत आहे. पण निकालाची खात्री मी देणार नाही. हात तुमचा आहे, ठरवायचं तुम्ही."

त्याने बायकोकडे बघितलं. ती बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. "वर्ष म्हणजे काय," ती म्हणाली, "तुम्ही एकतीस वर्षं सूतभरासाठी गठ्ठे ठोकलेत."

तो परत गेला. "पैशावर माझं काही म्हणणं नाही," त्याने मॅनेजरला सांगितलं. "शब्द काढा. नाहीतर आत जाऊ."

ते आत गेले. वर्ष लागलं नाही. न्यायाधीशांनी चिठ्ठी पाहिली, मग खटका हातात घेऊन विचारलं, हे नेमकं कसं काम करतं. सूतभर उभा राहिला आणि त्याने सांगितलं, जसं वकीलबाईंना सांगितलं होतं तसं, कुठे घाई नाही, कुठे पाल्हाळ नाही. खळवालीने साक्ष दिली. दुसऱ्या तारखेला स्टोअरवाल्याला बोलावलं. त्याने तांबड्या शाईतला शेरा आपलाच आहे असं कबूल केलं आणि खाली मान घालून म्हणाला, वरून हुकूम होता, तुटल्याशिवाय द्यायचं नाही. तिसऱ्या तारखेला कंपनीने हात टेकले. भरपाई कायद्याप्रमाणे ठरली. खळवालीला कामावरून काढणार नाही हे वकीलबाईंनी लिहून घेतलं. आणि कारणाच्या रकान्यातला शब्द खोडून न्यायालयासमोर तिथे नवं लिहिलं गेलं: 'यंत्राचा खटका झिजल्यामुळे.' मॅनेजरने सही केली. सूतभरानेही केली, डाव्या हाताने. अक्षर वाकडं आलं, पण आलं.

बोटं परत आली नाहीत. कटिंग मशीनवर तो पुन्हा उभा राहणार नव्हता. पण गावातल्या दुसऱ्या बाइंडिंगवाल्याने निरोप पाठवला होता, शिलाईवर देखरेख करणारा माणूस हवाय, नजर पक्की हवी. सोमवारी जायचं होतं.

निघताना वकीलबाईंनी सांगितलं की खटका आणि चिठ्ठी प्रकरणाबरोबर न्यायालयातच राहतील. कारकून ते दोन्ही एका पाकिटाला बांधत होता. दोऱ्याचे दोन फेरे घेऊन त्याने वर कशीबशी गाठ मारली.

सूतभर टेबलापाशी थांबला. "साहेब, ही सुटेल."

"काय?"

"गाठ. कपाटातून काढताना सुटेल. मी बांधून देऊ?"

कारकुनाने त्याच्या हाताकडे बघितलं, मग वकीलबाईंकडे. त्यांनी मान हलवली. सूतभराने पाकीट पुढे ओढलं. दोऱ्याचं एक टोक डाव्या हातात घेतलं, दुसरं उजव्या अंगठ्याच्या पेरात धरलं, करंगळीशेजारच्या बोटाने फेरा वळवला आणि आवळला. खुर्चीच्या पाठीवर त्याने अशा कितीतरी हजार मारल्या होत्या. त्याने कारकुनाला दोरा ओढून बघायला सांगितलं.

गाठ हलली नाही.

बाहेर पायऱ्यांवर बायको त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बघून सवयीने खाली वाकायला लागली.

"राहू दे," तो म्हणाला, आणि स्वतः पायरीवर बसला.